ग्रहाधिपतीची कॉलर

सोफियात, चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात,
झ्लाटकाबाईंनी परग्रहावरच्या एका हुकूमशहाचा कोट शिवला.
राखाडी. उभी कॉलर. आत कॅनव्हास.

समितीचे तिघे आले. कापड चाचपत
एकानं विचारलं, ही कॉलर कुणाची?
ग्रहाधिपतीची, बाई म्हणाल्या,
ओठांत टाचण्या धरून.

कॉलर उसवली. मग खांदे, मग बिल्ले,
मग रंगच बदला म्हणाले. हिरवा चालेल,
हिरवं आपल्याकडे कुणी घालत नाही.
गोष्टीला मात्र कुणी हात लावला नाही.
तीच ती: वर काचेच्या घुमटात एकटा म्हातारा,
खाली खाणीत माणसं,
आणि एक पोरगी, जिला दार सापडतं.
पोरासोरांचं आहे, म्हणाले. असू द्या.

पहिल्या खेळाला बाई मागच्या रांगेत.
पडद्यावर हिरवा म्हातारा भाषणाला उभा राहिला
आणि तोंड उघडण्याआधी
दोनदा खाकरला.

आधी कुणीच हसलं नाही.
मग बाल्कनीतून एक जण.
मग आवरेना.

खाकरणं कुठल्या शिवणीत असतं,
बाई अंधारात आठवत राहिल्या.
पुढच्या रांगेत ते तिघे, ताठ.
मधल्याला खोकला आला होता.
त्यानं तो गिळला.