भरली की सुटते

सत्तावीस वर्षं मी सांगली स्टँडवर
लोकांना जायला सांगत आले.
विटा, मायणी, दहिवडी, फलटण.
गाडीला उशीर झाला तरी आवाजाला होऊ नये
आणि माइकवर खोकू नये, एवढंच शिक्षण.

आज पहाटे पाच पंचवीसची सातारा
नव्या पोरीनं पुकारली.
उंब्रजला अडखळली.
मी अर्धी उठलेच होते.
बस गं खाली, म्हणाली शकिला मुल्ला,
कंडक्टर, रजेवरची,
तीही खिडकी सोडून दाराजवळच बसलेली
आणि चढणाऱ्याकडं बघणारी, सुट्टे आहेत का अशा नजरेनं.

कऱ्हाडपर्यंत ऊस.
साताऱ्यात गाडी बदलली. चहा पाणचट.
मग घाट, मग कासचा सडा:
फुलांचा हंगाम सरून गेलेला, म्हणून माणसंही गेलेली,
उरलेलं गवत वाळून आडवं, मध्ये मध्ये काळा कातळ
आणि जानेवारीचा वारा,
ज्याला कुठंच थांबा दिलेला नाही.

बामणोलीला रस्ता संपतो.
डेपोत संपतो तसा नव्हे,
डिझेलच्या डागांपाशी, पत्र्याच्या शेडखाली.
इथं तो सरळ चालत पाण्यात उतरतो
आणि आत कुठंतरी जातच असावा.

लाँच कितीची? मी विचारलं.
कितीची म्हंजी?
धाकलू ढेब्यानं विडी दगडावर विझवून
उरलेली कानामागं ठेवली.
भरली की सुटते.
आणि नाहीच भरली तर?
तर न्हाई.
शकिला इतकी हसली की तिला ठसका लागला.

आम्ही दोघी, एक गॅसची टाकी, दोन पोती कोंडा,
आणि एक म्हातारा, ज्यानं पलीकडं जाईतो
एक शब्द काढला नाही.
ऐन मध्यावर धाकलूनं इंजिन बंद केलं.
बोट दाखवलं.
काठावर गवे. सात की आठ.
पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, पाण्यात तोंडं.
एकानं मान वर करून आमच्याकडं पाहिलं
आणि पुन्हा पिऊ लागला,
जशी आम्ही त्याची गाडी नव्हेच.

शांतता अशी असते हे मला ठाऊक नव्हतं.
माझ्या शांततेत कायम
पुढच्या घोषणेची खरखर असते.
इथं पुढचं काही नव्हतं.
मला जराशी भीतीच वाटली, खोटं कशाला बोलू.

पलीकडं सात घरं. मागं लगेच जंगल,
अंगणाला आणि रानाला मध्ये कुंपण नाही,
वाळत घातलेलं एक लुगडं आहे.
धाकलूची बायको चंद्राबाई, घसा बसलेला.
नाचणीची भाकरी, माशाचं कालवण,
आणि सूर्य डोंगराआड गेल्या गेल्या
खोपीच्या दारातून तिची हाक:
हाक कसली, फाटक्या पिशवीतनं वारा.
पोरगं म्हशी घेऊन पल्याडच्या वळणाला.
बिबट्या हाय, म्हणाली, अंधार व्हायच्या आत याया हवा.
तुमी वरडा की. तुमचा आवाज मोठा हाय म्हनं.

नाव काय?
येसबा.

मी पाण्याकडं तोंड करून उभी राहिले.
सवयीनं गळा साफ केला, सवयीनं
'प्रवाशांनी कृपया' जिभेवर आलं, ते गिळलं.
ये ऽ ऽ स बा ऽ ऽ
पाण्यावरून गेलं. डोंगरानं एकदा परत केलं,
मग दुसऱ्या डोंगरानं, जरा बारीक करून.

सत्तावीस वर्षं मी ज्याचं नाव घेतलं
ते इथून निघून गेलं.
कारवीच्या झुडपांतून आधी घंटा आली,
मग एक म्हैस, मग दुसरी,
मग काठी, आणि काठीमागं चड्डीतलं पोर,
वैतागलेलं:
कशाला बोंबलताय? येतच हुतो न्हवं!

रात्री रातवा बोलतो, दगडावर दगड आपटल्यासारखा.
चुलीचा धूर केसांत.
अजून तीन दिवस. परतीची वेळ
विचारायची नाही असं आमचं ठरलंय.
शकिला केव्हाच घोरायला लागली,
एक हात गोधडीबाहेर, उंच,
वळणावर दांडी धरावी तसा.