धाकटा आधी

अंबडच्या शेडमध्ये, रात्री सव्वादोन.
काट्यावर एक किलो द्राक्षं,
पडद्यावर दोनशे छप्पन्न.
गायधनी म्हणाले, "काटा खोटं बोलतोय."

खोटं नाही. काटा धाकटा बाइट आधी पाठवतो,
आणि संगणक
थोरल्याची वाट बघत उभा.

दुसरीत, सातपूरच्या शाळेत,
बाई म्हणाल्या पंचवीस.
ऐकलं तसं लिहिलं: आधी पाच,
मग विसाचे दोन.
बावन्न. लाल फुली.
जो आधी म्हणायचा तो मागून लिहायचा,
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एक ओळ बदलली. एक किलो.
गायधनींनी द्राक्षं उचलली: शून्य.
ते कुठूनही वाचा.

"आता बोलतोय खरं," ते म्हणाले.
मी काट्यावरची धूळ पुसली.
आधीही खरंच बोलत होता.