पुराव्याआधीचा शब्द

रुवीत, मशिदीमागच्या गल्लीत,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला लागून
माझं टायपिंगचं दुकान. पानाला पाचशे बैसा.
अरबी सालिम बघतो, इंग्रजी मी.
श्रीवर्धनच्या शाळेत जेवढं इंग्रजी मिळालं
त्यात एव्हिडन्स नव्हता.
इथे तो रोज येतो.

आणि एकटा येत नाही.
स्ट्राँगला घेऊन येतो, सॉलिडला घेऊन,
हार्ड तर अगदी घरचाच.
हेवी का नाही, सालिमनं एकदा विचारलं,
ट्रॅफिक हेवी, जेवण हेवी, मग पुरावाच का नाही?
मी म्हटलं, सोयरीक नाही त्यांच्यात.
एवढंच उत्तर असतं.

आपल्यातही तसंच.
सबळ, भक्कम, ठोस,
आणि ढळढळीत, म्हणजे भर दुपारसारखा.
सज्जड मात्र दोन घरी नांदतो:
सज्जड पुरावा, सज्जड दम.
माझ्याकडे येणाऱ्यांना
बहुतेक दुसराच मिळालेला असतो.

काल लसमन्ना पोतुलवार आला.
बिलोलीकडचा, फरशीवाला.
बोलतो मराठी, मोजतो तेलुगूत.
अल खुवैरला नऊ मजली इमारत,
सात महिन्यांचा पगार नाही.
कंपनी म्हणते, असा माणूस आमच्याकडे नव्हताच.
हजेरीचं पुस्तक कंपनीकडे.
पासपोर्ट कंपनीकडे.
फोनमध्ये फोटो होते, फोन बादलीत पडला.

मग आहे काय तुझ्याकडे?
त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले.
सिमेंटनं बोटांच्या रेषा खाऊन टाकलेल्या.
अंगठ्याचं यंत्रही ओळखत नाही, म्हणाला,
आणि हसला, जणू चूक त्याचीच.

मी मनातल्या मनात शब्द लावून बघत होते.
कन्क्लूझिव्ह: ज्याच्यापुढे बोलणंच संपतं.
ओव्हरव्हेल्मिंग: त्याला ढीग लागतो.
फ्लिम्सीचीही एव्हिडन्सशी सोयरीक आहे.
तो मी मनातसुद्धा पुरता उच्चारला नाही.

ताई, एक आहे, तो म्हणाला.
सातवा मजला, डावीकडची न्हाणी,
नळाच्या खाली तिसरी फरशी.
बसवायच्या आधी मागून पेन्सिलीनं लिहायचो,
तारीख, आणि पोरीचं नाव.
राजमणी.
प्रत्येक न्हाणीत एकेक.
कशाला पण?
कशाला म्हणजे? गावाकडेही लिहायचो.
काढून बघा म्हणावं.

सालिमला मी सगळं सांगितलं.
तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.
भिंत कोण फोडणार, म्हणाला.
तिथे आता लोक राहतात.
सकाळी आंघोळ करतात,
राजमणीच्या पाठीवर गरम पाणी उडतं.

कम्पेलिंग, मी टाइप केलं.
कम्पेल म्हणजे भाग पाडणं.
सहा वर्षांची पोर कोणाला भाग पाडणार?
खोडलं.
हार्ड लिहिलं. तसा तो होताच,
सिमेंटात बसलेला, हलवून न हलणारा.

तुझ्या अरबीत काय लिहिलंस?
दलील कातिअ.
म्हणजे?
कापणारा पुरावा. आमच्यात असंच म्हणतात.
मी लसमन्नाला सांगितलं.
तो पहिल्यांदाच ताठ बसला.
फरशी कापायच्या मशीनसारखा?
हो, तसाच.
मग पाणी सोडावं लागेल ताई, म्हणाला,
नाहीतर धूळ फार उडते.

दोन पानं, एक रियाल.
खिशातून घडी घातलेली नोट काढली,
ठेवली, हात मात्र वर उचलला नाही.
पावती मिळेल का?

पावत्यांचं पुस्तक कुठे आहे
तेच मला आठवेना, इथे कोणी मागत नाही.
कपाटाच्या वरून काढलं, पुसलं,
कार्बन घातला.
तो खुर्ची पुढे ओढून वाकून बघत होता.
तारीख आधी, म्हणाला,
मग नाव. नीट लिहा.