खडू

सत्तावीस वर्षं मी टॉवेल तपासते,
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, ट्यूबलाइटखाली.
उभ्यातला तुटलेला धागा, आडव्यातला चुकलेला,
तेलाचा ठिपका.
बोटाला आधी कळतं, डोळ्याला मग.
दोष सापडला की निळ्या खडूची फुली,
आणि माल सेकंडच्या ढिगात,
किलोवर जायला.

त्या दिवशी टेबलावर मीच होते.
पोटावर गार जेल,
सोनोग्राफीच्या बाई पडद्याकडे बघता बघता थांबल्या.
एक जागा मोजली, परत मोजली.
ते थांबणं मी ओळखते.

डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला
पाण्याची पिशवी.
साडेतीन सेंटिमीटर.

गोवर्धन, माझा धाकटा,
आठवड्यातून तीनदा मशीनला जोडलेला.
त्याला दिवसाला दोन पेले पाणी, तेही मापून,
मे महिन्यात, सोलापुरात.
लूमवर बारा बारा तास उभा राहून
अख्खी कळशी रिकामी करणारा माणूस
बर्फाचा खडा जिभेवर फिरवतो
आणि माझ्या आत हे पाणी,
कुणी न मागता साठलेलं,
ना प्यायचं, ना सांडायचं.

डॉक्टर मंगरुळ्यांनी सीटीची फिल्म उजेडाला धरली.
मीही धरते तसा कपडा, दोन्ही हातांनी.
"कड पातळ आहे. आत पडदे नाहीत, चुना नाही,
औषध सोडलं तरी रंग धरत नाही.
साधी आहे हो. वय झालं की येते, केस पिकतात तशी."
"मग चालते?"
"चालते. काढली की बर्फात ठेवू,
पिशवीचं वरचं छप्पर कापून तपासायला देऊ,
ठीक आलं की त्याला जोडू."

मी म्हटलं, उजवी द्या की त्याला.
उजवी नीट आहे.
"नाही. चांगली असते ती देणाऱ्याकडेच ठेवायची.
आमचा नियम आहे."
हा कसला नियम?
आमच्याकडे येणाऱ्याला अख्खी भाकरी
आणि तुकडा आपल्या ताटात.
नारळी पौर्णिमेला, मार्कंडेयाचा रथ बघून,
नवं जानवं घालून तो दारात यायचा,
तर राखीचा गोंडासुद्धा मी ओढून बघितलेला असायचा,
सैल नको.
आणि आता त्यालाच हे.

कमिटीसमोर चार खुर्च्या.
कुणी जबरदस्ती केली? कुणी पैसे कबूल केले?
नाही, नाही.
ज्याची मला भीती होती
ते कुणी विचारलंच नाही:
दोषाचा माल का देताय?

शेवटी त्यालाच सांगितलं, मशीन चालू असताना.
नळीतून त्याचं रक्त जात होतं, येत होतं.
थोडा वेळ छताकडे बघितलं त्यानं.
मग म्हणाला, "सेकंडचा माल काढलीस व्हय अक्का माझ्यासाठी?"
आणि हसला, इतका की सिस्टर बघायला आली.
"अगं, आपल्या घरात फ्रेश टॉवेल कधी आला होता का?
अम्मा किलोवर आणायची. आपण दोघं त्यातच वाढलो.
पाणी टिपायचा का नाही?
टिपायचा.
मग?"

मी काय बोलणार.
सत्तावीस वर्षांत ढिगाकडे टाकलेल्या मालानं
पुढं कुणाकुणाची अंगं पुसली,
हे मी कधी विचारलं नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी एक पोरगेला डॉक्टर आला.
नाव विचारलं, बाजू विचारली,
डावी, म्हटलं.
त्यानं निळं पेन काढलं, माझ्या कुशीवर टेकवलं.
थंड लागलं.
तो गेल्यावर मान वाकडी करून पाहिलं.

फुली नव्हती.
बाण होता.

बाहेर गोवर्धनची ट्रॉली चालली होती.
तो सिस्टरला विचारत होता,
उद्यापासून पाणी मोजूनच प्यायचं का हो?