शेवटचा बोअर

इतवारीतल्या दालमिलच्या मागे
चौतीस वर्षं ती ताडपत्रीखाली.
ताडपत्री ओढली तर आधी मुंगूस निघालं,
मग तुरीची टरफलं,
मग बॉनेट, आणि त्यावर मी रंगवलेला सतरा,
एकाची दांडी थोडी वाकडी.

फियाट अकराशे. आतून सोललेली.
मागची सीट, दारांचे पत्रे, आरसा, सगळं काढलेलं.
तेव्हा वजनासाठी इतका हट्ट
की चावीला लटकवलेला पितळी गणपतीही काढला होता.
आई चार दिवस बोलली नव्हती.

हिंगण्याला, याकूबभाईच्या शेडमध्ये
ब्लॉक टेबलावर ठेवला.
त्यानं नखानं सिलिंडरची भिंत चाचपली,
डायल गेज फिरवला, चष्मा कपाळावर नेला.
"वीस झाले, चाळीस झाले. आता साठ थाऊ.
हा शेवटचा बोअर, निखारे.
याच्यापुढं भिंत नाही राहत बापा,
मग स्लीव्ह टाका लागते."

दोन वर्षांपूर्वी धंतोलीतल्या डॉक्टरनं
कागदावर नळी काढून दाखवली होती,
नळीत जाळी.
मी म्हटलं, म्हणजे स्लीव्ह.
तो म्हणाला, तुम्ही काय करता?
मी म्हटलं, लेथ.

मे महिना. शेडचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही,
पाने फडक्यानं उचलावे लागतात.
हेड गास्केट मी स्वतः कापलं. दोनदा चुकलं.
रोशन गजभिये, पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलेला,
कार्ब्युरेटर पहिल्यांदाच उघडा पाहून राहिला होता.
"काका, याले सेन्सर नाही?"
"कान आहे नं."
तो हसला नाही. वाकला, कान लावला.
तेव्हापासून मी त्याला चहा आणायला पाठवत नाही.

डाव्या दारामागची चेप
डेंटर ठोकून काढतो म्हणाला.
राहू दे म्हटलं.
शोलावरम, एकोणनव्वद.
धावपट्टी वळते तिथे डांबराचे ड्रम.
ब्रेक फेल झाला, असं मी सगळ्यांना सांगत आलो.
ब्रेक ठीक होता.
पुढची निळी गाडी आधी दाबेल
म्हणून मी वाट पाहत राहिलो,
आणि ती दाबेचना.
इतकी वर्षं त्या बिचाऱ्या ब्रेकवर आळ.

तिथे आता रेस होत नाही.
दुसरा ट्रॅक आहे, जुन्या गाड्यांचा वेगळा गट आहे,
आणि लायसन्ससाठी पट्ट्यावर पळावं लागतं
छातीला वायरी लावून.
पळताना डॉक्टर पडद्याकडे पाहत होते,
मी डॉक्टरांच्या भुवयांकडे.
टेस्ट बेंचवरचं इंजिन
माझ्याकडे असंच पाहत असेल का?

प्रमिला एकदाच आली शेडवर, डबा घेऊन.
"गोल गोल फिरून तिथंच याचं आहे,
तर जाता काहून?"
पंचविसाव्या वर्षी माझ्याकडे याचं उत्तर होतं.
आता नुसतं म्हटलं, जरा टॉर्च धर.
तिनं धरला.
तिचा हात माझ्या हातापेक्षा कितीतरी स्थिर.

रात्री साडेदहाला चालू झाली.
आधी खोकली, मग पांढरा धूर,
मग तिसरा सिलिंडर रुसून बसला,
आणि रोशन कान लावून ओरडला, "प्लगची वायर!"
शेजारच्या कारखान्याचा चौकीदार
काठी घेऊन धावत आला
आणि तिथेच उभा राहिला, काठी विसरून.
याकूबभाई म्हणाला, "दाबू नको एकदम.
पहिले पाचशे किलोमीटर
तिले वाटलं पाहिजे का कोणी घाईत नाही."

वाडीच्या ट्रकनं चेन्नईला जायची ठरली.
काट्यावर सातशे चाळीस किलो.
काटेवाल्यानं पान सरकवलं गालात,
गाडीला एक फेरी मारली, चेपेवर बोट टेकवलं,
आणि पावतीवर मालाच्या रकान्यात लिहिलं:
जुनी मशिनरी, चालू.

"एकच नग?" त्यानं विचारलं.
मी केबिनमध्ये चढत होतो, गुडघ्याला हात लावून.
रोशननं खालून सांगितलं,
"दोन लिहा."