दर गुरुवारी तीन खुर्च्या

नियम सोपा आहे : ती 'मी' म्हणाली, की मीही 'मी' म्हणायचं.
'ती म्हणते' असं मध्ये घालायचं नाही.
आवाज चढवायचा नाही. तासाचे पैसे महिनाअखेरीस.

गोथेनबर्गमध्ये, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
लेतेब्रहान दाराकडे तोंड करून बसते,
गुनवोर खिडकीपाशी, हातात पेन नाही,
आणि मी दोघींच्या मध्ये, जरा मागे सरकून.

पहिले तीन गुरुवार ती काहीच बोलली नाही.
खालून ड्रिलचा आवाज येत राहिला.
गुनवोर म्हणाली, घाई नाही.
मी तिग्रिन्यात म्हणाले, घाई नाही.
मग पुन्हा ड्रिल.

चौथ्या वेळी तिनं उकळत्या किटलीकडे नुसतं बोट दाखवलं.
गुनवोर उठली, किटली बाहेर ठेवून आली.
पुढच्या गुरुवारी थर्मास होता.
त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर ती बोलू लागली. म्हणजे मी बोलू लागले :
माझा पासपोर्ट नवऱ्यानं पिठाच्या डब्यात लपवला होता.
किल्ल्यांच्या आवाजावरून मी ओळखायचे, आज कसा आलाय.
न्हाणीघरात नळ सोडून मी लेकीला गाणी शिकवली,
तिला दुसरं काही ऐकू जाऊ नये म्हणून.

माझं लग्न झालेलं नाही. मला लेक नाही.
तरी ट्रॅममध्ये कुणी किल्ल्या काढल्या
की माझे खांदे वर, थेट कानांपर्यंत.

नोव्हेंबरात एकदा, वाक्य अर्धंच टाकून,
तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ.
"हे सगळं ऐकून तू घरी जातेस.
कुठं ठेवतेस गं?"

नियम सोपा आहे.
मी स्वीडिशमध्ये विचारलं, कुठं ठेवतेस?
गुनवोरला वाटलं, प्रश्न तिलाच आहे.
बराच वेळ तिनं नखाशी चाळा केला. मग म्हणाली,
"कधी तळ्यावर जाते. पाणी फार गार असतं.
कधी ठेवायला जागाच सापडत नाही,
तशीच झोपते, घेऊन."

मी तिग्रिन्यात सांगितलं :
कधी मला जागाच सापडत नाही.
तळ्याचं सांगायचं राहून गेलं.
सहा वर्षांत एवढी एकच चूक.

हा 'मी' कुणाचा, ते लेतेब्रहाननं विचारलं नाही.
उठून तिनं फडताळ उघडलं.
टेबलावर आजवर दोनच कप असायचे.