शून्याला मूठ

नागपूरला समुद्र नाही,
हे चौथीतच नकाशावर बोट ठेवून पाठ झालं होतं.
तरी दर रविवारी सकाळी सहाला
तरणतलावाच्या खोल टोकाला, चार मीटर खाली,
निळ्या फरशीवर मी गुडघे टेकून बसते
आणि बिसेन सर मला आकडे शिकवतात.

एक ते पाच, बोटं उभी.
सहाला पुन्हा एकच बोट, पण आडवं.
सात म्हणजे दोन आडवी, आठ म्हणजे तीन,
नऊला चार, अंगठा मुडपून.
शून्याला मूठ.
आणि अंगठा वर केला तर ते 'मस्त' नाही, 'वर चला'.
पहिल्या दिवशी मी आनंदाच्या भरात
सरांना तीनदा वर आणलं.

बाबांना हे सांगितलं तर हसले.
"सहाले एकच बोट?
अन् समोरचा आडवा तरंगत असला तं?"

बाबा कळमन्याच्या संत्रा बाजारात
एकतीस वर्षं दलाल.
दुपट्ट्याखाली हात हातात घ्यायचा.
चार बोटं धरली की चार, पंजा धरला की पाच,
सहाला आधी पंजा, मग एक बोट.
वर तोंडानं गोष्टी चाललेल्या,
काटोलच्या पाव्हण्यांच्या, कुणाच्या पोट्ट्याच्या नोकरीच्या,
खाली कापडात भाव.
एका बोटानं बाग पडायची, एका बोटानं तरायची,
आणि बाजूला उभ्या माणसाला
फक्त दुपट्टा हललेला दिसायचा.

"आणि शून्य?" मी विचारलं.
"शून्य कायले धरा लागते?
चार म्हंजे चाळीस का चारशे,
ते संत्रं पाहूनच समजते.
शून्य भरोशावर राहाते."

तिसऱ्या रविवारी सरांनी
तळहातावर दोन बोटं आपटली:
हवा किती?
काटा साठवर होता.
पन्नासच्या आत वर यायचं असतं.
मला अजून थोडं राहायचं होतं.
खाली कुणी हाक मारत नाही,
आपलाच श्वास तेवढा मोठ्यानं ऐकू येतो.
मी दाखवलं: चार बोटं आडवी. मग मूठ.
नव्वद.
जरा जास्तच ठामपणे.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलंच नाही.
नळी ओढून काटा माझ्या काचेसमोर धरला.
मग माझं मनगट पकडलं
आणि माझी बोटं मुडपली,
एक,
दोन,
तीन.
एक तेवढं आडवं ठेवलं.

वर आल्यावर ओरडतील वाटलं.
नाकातलं पाणी शिंकरत एवढंच म्हणाले,
"खाली भाव नाही करायचा, मॅडम."
माझे बाबा काय करायचे
हे त्यांना मी कधीच सांगितलं नव्हतं.

घरी बाबा ओट्यावर बसले होते,
लॅबचा कागद खिशात, चार घड्या करून.
आईला म्हणाले होते, "बरोबर आहे सगळं."
आई तांदूळ निवडत होती, मान खाली घालून,
बाजूला उभ्या माणसासारखी.

मी काही विचारलं नाही.
त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला,
दोघांच्या हातांवर टाकला.
माझ्या ओल्या केसांचा क्लोरीनचा वास
त्यांच्या तंबाखूच्या वासात मिसळला.
वर तोंडानं आम्ही बोलत राहिलो,
आंबिया बहार यंदा कसा, भांडेवाडीचा रस्ता किती खोदलाय.

खाली त्यांनी माझी तीन बोटं धरली.
सोडली.
मग एक.

मग बराच वेळ काहीच नाही.
सौदा इथेच संपतो, हे मला माहीत होतं,
बाकीचं आपण समजून घ्यायचं.
मी हात काढणार तेवढ्यात,
एकतीस वर्षांत कुणाच्याच हातात ठेवली नसेल अशी,
त्यांनी माझ्या तळव्यावर
घामेजलेली मूठ ठेवली.